निळ्या काठाचा कप

शकुबाईला राग यायला कारण लागत नाही, असं सगळी कॉलनी म्हणायची. साफ खोटं. कारण असायचं, आणि चांगलं दणदणीत असायचं. लोकांना ते दिसायचं नाही, एवढंच. आता हेच बघा. तिचा नवरा पुंजाराम दिवसेंदिवस पांढराफटक पडत चालला होता, आणि नाशिकरोडला रेल्वेलाइनीपलीकडच्या त्या कॉलनीत नळावरच्या बाया एकमेकींना कोपर मारून म्हणत होत्या, "बिचारा! घरात धड खायला मिळत नसंल."

खायला मिळत नसंल! ज्या घरात त्या माणसासाठी दिवसातून सहा वेळा ताट मांडलं जात होतं, त्या घराबद्दल हे बोलणं! शकुबाईनं भरलेली कळशी तिथंच दाणकन आदळली. "कुणाला मोजायच्यात माझ्या भाकरी? चला घरी. चुलीपाशी बसा नि मोजा. आणि मोजून झाल्या की थापू पण लागा, माझे हात तरी सुटतील." कोणी हललं नाही. कळशीला पोचा पडला तो मात्र कायमचा पडला, आणि त्याचाही राग शकुबाईनं त्या बायांवरच काढला.

सहा वेळा ताट मांडायचं कारण होतं पुंजारामचं पोट. अल्सर. वर्षानुवर्षं माणूस पोट दाबून बसायचा, खायचा सोडा चाटायचा, कोणी म्हटलं दवाखान्यात जा की "होईल बरं" म्हणायचा. सत्याहत्तर साली एका दुपारी रक्ताची उलटी झाली आणि मग पळापळ. मोठ्या दवाखान्यात सर्जननं पोटाची अर्ध्याहून जास्त पिशवी कापून काढली. जीव वाचला. दुसऱ्या दिवशी सर्जन खाटेपाशी आले, पुंजाराम गुंगीत होता, म्हणून त्यांनी सगळं शकुबाईला सांगितलं. आता यांचं पोट लहान झालंय. एकदम पोटभर जेवायचं नाही, दर दोन तासांनी चार घास. गोड जपून. आणि मुख्य म्हणजे, अन्नातलं लोह आता यांच्या अंगाला नीट लागणार नाही, रक्त कमी होत जाईल. म्हणून लोहाच्या गोळ्या, बऱ्याच वर्षांसाठी, कदाचित जन्मभर. शिवाय महिन्याला एक लाल इंजेक्शन. शकुबाई चौथीपर्यंत शिकलेली. पण ते बोलणं तिनं पदराला गाठ मारावी तसं धरून ठेवलं.

आणि मग सुरू झाली तिची लढाई. अॅल्युमिनियमची पातेली तिनं माळ्यावर टाकली आणि सासूची जुनी लोखंडी कढई घासूनपुसून काढली, भाजी तिच्यातच. शेपू, पालक, राजगिरा, जी पालेभाजी बाजारात येईल ती. बाजरीची भाकरी. कचेरीच्या दिवशी ताटाऐवजी दोन-दोन तासांचे डबे. सकाळी शेंगदाणे आणि गुळाचा बोटाएवढा खडा. रविवारी खाटकापुढं पहिला नंबर तिचा. "काळीज ठेव. आणि कालचं दिलंस तर तुझंच काढीन," असं ती म्हणायची आणि खाटीक मुकाट्यानं ताजं द्यायचा. एकदा भाचीच्या लग्नात पाहुण्यांनी पुंजारामला आग्रह करकरून वाटीभर शिरा खायला घातला. अर्ध्या तासात माणूस घामानं निथळला आणि मांडवात आडवा झाला. शकुबाईनं त्या पाहुण्यांचा असा उद्धार केला, की नवरीपेक्षा तिचीच चर्चा जास्त झाली.

एवढं करून रक्त चढेना.

पहिल्यांदा घोळ घातला तो पुंजारामनंच. गोळ्या सुरू केल्या आणि शौचाला काळं व्हायला लागलं. ऑपरेशनच्या आधी आतल्या आत रक्त जायचं तेव्हा असंच काळं व्हायचं. गडी घाबरला. जखम पुन्हा फुटली असं धरून चालला. कोणाला सांगेल तर शपथ! गोळ्या बंद केल्या, रोज एक काढायची आणि मोरीत टाकायची. शेवटी दवाखान्यात कबूल झाला तेव्हा कंपाउंडरसुद्धा हसायला लागला. अहो, लोहाची गोळी घेतली की काळं व्हायचंच, त्यात भ्यायचं काय? पुंजारामही ओशाळून हसला. शकुबाई हसली नाही. "मोरी तेवढी धष्टपुष्ट झाली आमची," एवढंच म्हणाली.

मग उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळायचं. सकाळी आठला सायकलवर टांग टाकून निघायची घाई. तेव्हा पुंजारामच म्हणाला, "मी बाटली कचेरीतच ठेवतो. अकराला चहा येतो, तीनला येतो. त्याच्याबरोबर घेईन. गरम असतं, पोटाला बरं पडतं." शकुबाईला पटलं. तिनंच बाटली रुमालात बांधून दिली. नंतर ही गोष्ट आठवली की ती स्वतःच्याच कपाळावर हात मारून घ्यायची.

कचेरी म्हणजे एक सरकारी कचेरी, नाव कशाला घ्या. पुंजाराम तिथं एकोणसत्तर सालापासून कारकून होता. दिंडोरीकडच्या एका खेड्यातून आलेला, गावकुसाबाहेरच्या वस्तीतला, मॅट्रिक झालेला त्या वस्तीतला पहिला. अक्षर मोत्यासारखं, आवाज कधी चढा नाही. आणि कचेरीतल्या चहाबद्दल तो घरी असं बोलायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं तिथं अमृत मिळतं. "अकराच्या ठोक्याला बारकू शिपाई टेबलावर आणून ठेवतो. माझा कप ठरलेला हाय, निळ्या काठाचा. साहेबांचा सोडला तर नावाचा कप माझाच. बारकू कधी विसरत नाय." घरी पाहुणा आला की हे सांगायचाच. शकुबाईचा भाऊ भिकन तर चेष्टेनं म्हणायचा, "दाजी, तुमचा तो निळ्या काठाचा काय म्हणतोय?" पुंजाराम रागवायचा नाही. खुलायचा.

त्या खुलण्यामागं काय होतं ते शकुबाईला ठाऊक होतं. पुंजारामचा बाप, सहादू. गावात बाजाराच्या दिवशी चहाचं हॉटेल लागायचं. वस्तीतल्या माणसांनी बाहेर उकिडवं बसायचं. त्यांच्या कपबश्या वेगळ्या, वळचणीला खोचलेल्या, कान तुटलेल्या. आपला कप आपण काढायचा, वरून ओतलेला चहा प्यायचा, आपणच विसळून पुन्हा खोचायचा. छप्पन्न साली धर्म बदलला, आणि त्यानंतर एका बाजाराला सहादू सरळ आत गेला, बाकड्यावर बसला आणि म्हणाला, चहा द्या. त्याला बाकड्यावरून ओढून काढलं. मारलं. उकळता चहा हातावर ओतला. पुंजाराम तेव्हा शाळकरी होता, बाहेर उभा राहून बघत होता. बापाच्या मनगटावर ती पांढरी कातडी मरेपर्यंत होती. म्हणून कचेरीत टेबलावर येणारा तो चहा म्हणजे पुंजारामला नुसता चहा नव्हताच.

एक्क्याऐंशी साल उजाडलं तोवर पुंजारामची रया गेली होती. रेल्वेचा पूल चढताना मध्येच थांबायचा आणि गाड्या बघतोय असं दाखवायचा. सायकल चालवायच्याऐवजी हातात धरून चालायचा. जीभ सोलल्यासारखी गुळगुळीत, तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. नखं मधोमध खोलगट झाली होती. आणि खिशात कच्चे तांदूळ! धुण्याला शर्ट टाकताना शकुबाईला सापडायचे. चोरून चघळायचा. "पोरगी गरवार असल्यावर माती खाती तसं काय चाललंय तुमचं?" ती ओरडायची. तो म्हणायचा, "बरं वाटतं तोंडाला." ती ओरडायची ते रागानं, पण आत जीव तीळतीळ तुटत होता. पोटची पोरं नव्हती. जे काही होतं ते हा एक माणूस होता.

दवाखान्यात त्या वर्षी नवीन डॉक्टरीणबाई आल्या होत्या. तरुण, चष्मेवाल्या, घाई नसलेल्या. त्यांनी पुंजारामच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, रक्त तपासायला पाठवलं. सहा ग्रॅम.

"बारा-तेरा असायला हवं," बाई म्हणाल्या. "निम्मं आहे. गोळ्या चुकवता का?"

"एक नाय चुकवली," पुंजाराम म्हणाला, आणि मोरीतल्या त्या गोळ्या सोडल्या तर ते खरं होतं.

"इंजेक्शनं?"

"तीपण घेतली."

"मग कुठं जातंय सगळं? पुन्हा रक्तस्राव नाही, ते मी बघितलं. गोळी कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "चहाबरोबर? किती वर्षं?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. चहातला तुरटपणा लोहाला धरून ठेवतो, अंगात जाऊच देत नाही. धडधाकट माणसाचं निभावतं. पण यांचं पोट कापलेलं, लोह आधीच मुश्किलीनं शोषलं जाणार, त्यावर हा चहा. गोळी काय, जेवणातलंसुद्धा वाया जातं. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची. आणि चहा जेवणापासून, गोळीपासून दोन-दोन तास लांब. "पण तुम्ही तर दर दोन तासांनी खाता. मग चहाला मोकळी वेळ उरतेच कुठं? बंदच करा. असंच राहिलं तर हृदयावर ताण येईल. रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागतील, आणि त्या किती वेळा चढवणार?"

शकुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार वर्षं! चार वर्षांचा शेपू, पालक, काळीज, चार वर्षं त्या कढईशी केलेली झटापट, सगळं त्या कपात बुडालं होतं. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. तिचं न बोलणं पुंजारामला बोलण्यापेक्षा जास्त झोंबायचं. शेवटी तोच म्हणाला, "सोडतो चहा. उद्यापासून बंद."

घरातला चहा तिनं त्याच दिवशी बंद केला. स्वतःचासुद्धा. चहाचा डबा उचलून शेजारणीला देऊन टाकला. महिन्यानं रक्त तपासलं. आकडा चढला नव्हता. उलट थोडा उतरलाच होता.

"कचेरीत पिता," शकुबाई म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

पुंजाराम खाटेवर बसला. बराच वेळ बोटांची नखं बघत राहिला. "बारकू आणून ठेवतो समोर. नाय कसं म्हणू?"

"तोंडानं म्हणायचं! नको म्हणायचं! दोन अक्षरं हायेत!"

"तुला नाय कळायचं."

"मला नाय कळायचं? मग कुणाला कळायचं? जळ्ळं ते कळणं!" तिनं हातातली पळी भिरकावली. "अवं, मरायला लागलाय तुम्ही. पूल चढवत नाय. आरशात बघा जरा, मेल्या माणसाच्या तोंडावर ह्याच्यापेक्षा जास्त रंग असतो!"

आणि तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा पुंजारामचा आवाज चढला. "माझ्या बापाला त्या चहासाठी ओढून काढलं शकू! हात भाजला त्याचा! तोच चहा मला आज टेबलावर आणून देतात. आत बसवून देतात. आणि मी नको म्हणू? मी? त्यांना वाटंल, ह्यालाच आमचा चहा नको झाला. पुन्हा कधी इचारतील का?"

तेवढ्या बोलण्यानंच त्याला धाप लागली. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. शकुबाईनं पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला, पण बोलायची ती बोललीच. "बापाला त्यांनी मारलं. तुम्ही सोताला मारताय. आणि तेबी त्याच चहानं."

त्यानं भांडं खाली ठेवलं आणि तो आडवा झाला. पण शकुबाईनं मनाशी ठरवून टाकलं. याला नाही म्हणता येत नाही ना? ठीक आहे. मी जाऊन सांगते. सगळ्या कचेरीला सांगते, माझ्या नवऱ्याला चहा पाजू नका म्हणून. हात जोडावे लागले तर हात जोडीन.

दुसऱ्या दिवशी तिनं लिंबू पिळलं, चिमूटभर मीठ-साखर टाकली, सरबताच्या बाटलीत भरलं, बूच दाबलं आणि सिटीबसनं कचेरी गाठली. अकराला थोडा अवकाश होता. व्हरांड्याच्या टोकाला आडोसा करून बारकू शिपायाचा स्टोव्ह फरफरत होता. बारकू पन्नाशीचा, खाकी कपड्यातला, तोंडात तंबाखू. शकुबाईला त्यानं ओळखलं. कचेरीच्या हळदीकुंकवाला नाही, पण पंधरा ऑगस्टला ती आली होती.

"या वहिनी. आज इकडं कसं काय?"

"बारकूभाऊ, एक काम होतं. आजपासून ह्यांना चहा द्यायचा नाय. डाक्टरनं बंद केलाय. समोर ठेवला की हे पितात, तवा ठेवूच नका."

"बरं झालं सांगितलं." बारकूनं सहज मान हलवली, पातेल्यात साखर टाकली. "मग तो कप घरी नेता का? हितं उगाच पडून राहील."

"पडून का राहील?" शकुबाई तितक्याच सहज म्हणाली. "दुसऱ्याला होईल की."

बारकू स्टोव्हला पिन मारायला लागला. चांगला पेटलेला स्टोव्ह.

शकुबाईनं मान वर करून पहिल्यांदा नीट बघितलं. ट्रेमध्ये पांढरे कप, एकावर एक, एकमेकांच्या अंगावर कलंडलेले. आणि तिकडं लांब, खिडकीच्या कट्ट्यावर, फिनेलच्या बाटलीशेजारी, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर पालथा घातलेला एकच कप. निळ्या काठाचा.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "तो कप तिकडं का?"

"त्यो... त्यो वेगळाच असतो वहिनी. पहिल्यापासनं. मी हितं बदलून आलो त्याच्या आधीपासनं. हेडक्लार्क यादवरावांनी दावला होता मला, ह्यो त्यांचा म्हणून. माझ्यावर राग धरू नका."

"धुतो कोण?"

बारकूनं खाली बघितलं. "सोताच धुतात की. पिऊन झालं की नळावर जातात, विसळतात, जाग्यावर ठेवतात. मी कधी सांगितलं नाय त्यांना. आपले आपणच."

आपले आपणच. शकुबाईला वाटलं, कोणीतरी छातीवर पाय दिलाय. कप कोणी नुसता वेगळा ठेवला असता, तर माणसाला कळलं नाही असं म्हणता आलं असतं. पण जो माणूस रोज उठून स्वतःचा कप स्वतः विसळतो आणि फिनेलच्या बाटलीशेजारी नेऊन ठेवतो, त्याला ठाऊक असतं. बारा वर्षं ठाऊक असतं. ठाऊक असून घरी येऊन सांगतो, नावाचा कप माझाच. पाहुण्यांना सांगतो. आणि त्या कपासाठी रक्ताचं पाणी करत बसतो!

राग तर तिला नेहमीच यायचा, पण हा वेगळा होता. डोळ्यांत पाणी आणणारा. यादवरावाचा राग, बारकूचा राग, त्या खिडकीचा, त्या फिनेलच्या बाटलीचा राग. आणि सगळ्यांत जास्त पुंजारामचा, कारण त्याचा राग धरवतही नव्हता.

तिनं ट्रेमधला एक पांढरा कप उचलला.

"वहिनी, अहो—" बारकू म्हणाला.

"गप बसा," शकुबाई म्हणाली आणि आत गेली.

आत आठ-दहा टेबलं, फायलींचे ढिगारे, डोक्यावर करकरणारा पंखा. मधोमध हेडक्लार्क यादवराव, गोरेगोमटे, पानानं रंगलेलं तोंड, स्वभावानं वाईट नाही असं सगळे म्हणत. पुंजाराम भिंतीकडच्या टेबलावर खाली मान घालून लिहीत होता. शकुबाईनं त्याच्यासमोर पांढरा कप ठेवला, दातांनी बाटलीचं बूच काढलं आणि लिंबूपाणी काठोकाठ ओतलं.

पुंजारामनं मान वर केली. आधी ती दिसली, मग कप. आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते नवल नव्हतं. भीती होती. शाळकरी पोराची भीती.

"अगं," तो हळूच म्हणाला, "हा नव्हं. माझा तो..."

"कोणता?" शकुबाईनं आवाज मुळीच हळू केला नाही. "तुमचा कोणता? ह्याला काय झालं?"

लेखण्या थांबल्या. यादवराव खुर्चीतून अर्धवट उठले. "या वहिनी, या. बसा ना. काय झालं?"

"बसते मागनं. यादवराव, तुम्हीच सांगा. ह्या कपातनं ह्यांनी पिलं तर चालंल का? तुम्ही हो म्हटलं तर पितील ते. बारा वर्षं तुमचंच ऐकत आलेत."

"छे छे, भलतंच काय!" यादवराव हसले, पण हसू ओठांवरच राहिलं. "अहो, आम्ही असलं काही मानत नाही. त्यांचं पोटाचं दुखणं, ऑपरेशन झालेलं, म्हणून आपलं स्वच्छतेच्या दृष्टीनं कप वेगळा. त्यांच्याच भल्यासाठी."

"दुखणं सत्याहत्तरचं," शकुबाई म्हणाली. "कप एकोणसत्तरचा."

यादवरावांनी टेबलावरची एक फाईल उघडली आणि तिच्यात बघायला लागले. बाकीचे कुठं कुठं बघत होते. कोणी एक जण तरी उठेल आणि म्हणेल, प्या हो पुंजाराम, कप तो कप, असं शकुबाईला वाटलं होतं. ती वाट बघत उभी राहिली. पंखा करकरत होता. कोणी उठलं नाही.

पुंजारामनं त्या सगळ्यांकडं एकदा बघितलं. सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग ड्रॉवर ओढला, गोळ्यांची बाटली काढली, एक गोळी जिभेवर ठेवली आणि पांढरा कप तोंडाला लावला.

अर्ध्या पोटाच्या माणसाला घटाघटा पिता येत नाही. एक घोट घ्यायचा, थांबायचं, तो खाली उतरू द्यायचा, मग दुसरा. पुंजाराम तसाच प्यायला. एक घोट. थांबला. दुसरा घोट. घाई केली नाही. सगळी कचेरी बसून होती. कोणाला उठून जाता येईना, कोणाला लिहिता येईना. बारकू दारात ट्रे घेऊन उभा, चहावर साय धरायला लागली तरी त्याला पाऊल पुढं टाकवेना. शकुबाई नवऱ्याशेजारी उभी होती, आणि एकेका घोटाबरोबर त्याच्या गळ्याची घाटी वरखाली होताना बघत होती.

कप रिकामा झाला. पुंजाराम उठला. कप हातात, पावलं सवयीनं नळाकडं वळली. दोन टेबलं ओलांडली असतील, आणि तो थांबला. हातातल्या कपाकडं बघितलं. मागं फिरला, कप आपल्या टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसला.

"बारकू," तो म्हणाला, "कप उचल."

बारकूनं यादवरावांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघतोस?" पुंजारामचा आवाज चढला नव्हता, पण शेवटच्या टेबलापर्यंत गेला. "मी सांगतोय. कप उचल, आणि बाकीच्या कपांबरोबर धू."

बारकूनं उचलला.

शकुबाई बाहेर आली. जिना उतरून ती खालच्या पायरीवर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. रडतानासुद्धा शिव्या घालत होती.

संध्याकाळी पुंजाराम घरी आला. चूल पेटली होती. तो जवळ येऊन बसला.

"पहिल्या महिन्यातच कळलं होतं मला," तो म्हणाला. "पर म्हटलं, बाप बाहेर बसायचा, आपण आत बसतो. तेवढं तर झालं. बाकीचं तुला कशाला सांगायचं?"

शकुबाईच्या तोंडावर दहा बोलणी आली. ती सगळी तिनं गिळली. कढईतली गरम भाजी त्याच्या ताटात वाढली, वर लिंबू पिळलं आणि म्हणाली, "खा. दोन तास झाले."

रक्त सावकाश चढलं. दिवाळीला नऊ झालं, पुढच्या उन्हाळ्यात अकरा. डॉक्टरीणबाई इतक्या खूश झाल्या, की त्यांनी पापणी दोनदा ओढून बघितली. पुंजाराम पुन्हा सायकलवर बसायला लागला, आणि पूल न थांबता चढायला लागला. नळावरच्या बाया म्हणायला लागल्या, तब्येत सुधारली हो. शकुबाई म्हणाली, "खायला मिळतंय आता त्यांना."

कचेरीत मधल्या काळात मोठे साहेब बदलून आले, असलं काही चालवून न घेणारे. एका सकाळी यादवरावांनी सगळ्यांच्या देखत बारकूला हाक मारली, पांढऱ्या कपात चहा ओतायला लावला आणि स्वतःच्या हातानं पुंजारामच्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या पुंजारामजी," ते म्हणाले. "झालं गेलं विसरा. आमच्याबरोबर एक घोट घ्या."

बारा वर्षं ज्याची वाट बघितली तो चहा समोर वाफाळत होता. पुंजारामनं कप दोन बोटांनी हळूच उचलला आणि त्यांच्या हातात परत दिला.

"नको यादवराव," तो म्हणाला. "त्यानं माझं रक्त कमी होतं."